रोगलाई

सैगॉनच्या बाजूला कापडाच्या पेढीवर नोकरीला गेलेला इनायत चौतीस साली नाशिकला परतला, तो बायको घेऊनच. बुटकी, सावळी, गप्प बाई. निकाहात तिचं नाव नूरबानो ठेवलं होतं. भद्रकालीतल्या बायकांनी विचारलं, ही बोलते ती भाषा कुठली?

"रोगलाई," इनायत म्हणाला. "तिकडच्या डोंगरातल्या लोकांची."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांच्या घरात बोलतात त्या उर्दू बोलीत याचा अर्थ 'रोग घेऊन आली' असा होतो, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

त्याची बहीण आबिदा विधवा होऊन माहेरी राहत होती. तिचं आणि नूरबानोचं चुलीपाशी जमलं. पाणी म्हणजे इया, विस्तव म्हणजे अपुई. पाऊस म्हणजे हुजात. पण शेवटचा त सोडायचा नाही, तोंडातच अडवायचा. आबिदाचा तो हटकून सुटायचा. मग नूरबानो तिच्या ओठांवर बोट ठेवून पुन्हा म्हणून दाखवायची आणि हसायची. एरवी ती हसत नसे. अंडी मोजताना सा म्हणजे एक, दुआ म्हणजे दोन. शेजारणीचं पोर रांगत आलं की अना, म्हणजे मूल.

पुढच्या वर्षी इनायत तापानं गेला. नूरबानोशी तिच्या भाषेत बोलणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. गल्लीत जो तो म्हणू लागला, रोगलाई, नावातच होतं की. तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. इनायतचा थोरला भाऊ लियाकत वाईट नव्हता, पण लोकांना भ्यायचा. त्यानं तिला मागच्या खोलीत ठेवलं. आबिदा भाकरी घेऊन जायची, तर ती भिंतीकडे तोंड करून स्वतःशीच पुटपुटत असायची. थंडीत तिलाही ताप भरला.

शेवटच्या दिवशी ती एकच घोकत होती, "दुआ अना, दुआ अना."

लियाकत दारातूनच म्हणाला, "दुआ मागतेय. बरं झालं." आणि त्यानंही दुआसाठी हात उचलले.

आबिदा खाली वाकली. तिनं दोन बोटं दाखवली. नूरबानोनं ती घट्ट धरली, मग तळहात जमिनीपासून वर धरून दाखवला. एकदा थोडा उंच, एकदा अगदी खाली. दुपारी ती गेली.

दफन झाल्यावर आबिदा म्हणाली, "भाईजान, तिची दोन मुलं आहेत तिकडे."

"इनायत बोलला असता."

"नाही बोलला."

"मग तूही बोलू नकोस. गेलेल्या माणसाची अब्रू आहे."

तिनं ऐकलं नाही. तिकडे इनायतबरोबर नोकरी केलेला रहेमान त्र्यंबकला दुकान चालवत होता. ती त्याच्याकडे गेली.

"होती दोन," रहेमान खाली बघत म्हणाला. "आजीपाशी ठेवली. वर्षात परत येऊ, असं इनायतनं तिला सांगितलं होतं."

"गावाचं नाव?"

"पाच-सात घरं, आबिदाबी. रान जाळून शेत करतात, जमीन थकली की पुढे जातात. आता कुठे असतील, कोण सांगणार?"

आबिदानं विचारलं, "तुमची आई गेली, हे त्यांच्या भाषेत कसं म्हणतात?"

"मला नाही येत," रहेमान म्हणाला. "मी भाव करण्यापुरतीच शिकलो होतो."