शब्द बरोबर होता

“काय विचारलं त्यांनी?” बापू खुर्चीवरून उठत म्हणाले.

व्हिसा कार्यालयाच्या आतल्या दारातून ताई बाहेर आली होती. हातात पासपोर्ट, त्यात घडी घातलेला एक कागद.

“परत येणार का, म्हणाले खिडकीतले साहेब. एवढी साधी गोष्ट, पण माझी बोबडीच वळली. आधी हो म्हटलं, मग म्हटलं, लेकीचं बाळंतपण निभेपर्यंत राहीन, मग गप्पच बसले. नाही म्हणाले रे. माझंच मेलीचं तोंड चाललं नाही.”

बापूंनी कागद उघडला. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं पत्रांचे मसुदे करून ते निवृत्त झाले होते. त्यांचं इंग्रजी खात्यात नावाजलेलं. बहीण विधवा झाल्यापासून त्यांच्याकडेच राहत होती, तेव्हा तिच्या अर्जासोबतचं पत्र दुसरं कोण लिहिणार? त्यासाठी त्यांनी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. ‘इमिग्रेट’ की ‘एमिग्रेट’? शब्दकोश उघडून छडा लावला. येणाऱ्याचा ‘इ’, जाणाऱ्याचा ‘ए’. ताई जाणार, म्हणजे ‘एमिग्रेट’. ‘माझी बहीण तीन महिन्यांसाठी लेकीकडे एमिग्रेट करू इच्छिते’, असं वाक्य त्यांनी इंग्रजीत ठसठशीत लिहिलं आणि शेजाऱ्यांना दाखवलंही. “भले भले इथेच आपटतात,” असं वर म्हणाले.

कागदावर इंग्रजीत एकच कारण होतं : सोबतच्या पत्रानुसार अर्जदार देश सोडून कायमची स्थायिक व्हायला निघाली आहे.

दोन शब्दांतला फरक त्यांनी बरोबर हुडकला होता. पण इ घ्या नाहीतर ए, दोन्हींत माणूस बिऱ्हाड मोडूनच निघतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“काय लिहिलंय?” ताईने विचारलं.

“ठरावीक मजकूर आहे,” ते म्हणाले. “सगळ्यांना हाच देतात.”

भाची तिकडे एकटीच बाळंत झाली. दीड दिवस अडली होती, हे ताईला नंतर फोनवर कळलं. मुलगी झाली, सुखरूप होती. बापूंनी पुन्हा अर्ज करायचा विषय काढला की ताई हात झटकायची. “त्या खिडकीशी मला परत उभी करू नकोस. माझ्याच्याने बोलवत नाही.” आल्यागेल्याला मात्र ती आपली फजिती हसत हसत सांगायची, आणि बापू कपात डोकं घालून चहा पीत राहायचे.

अशी चार वर्षं गेली. एका सकाळी ताई भाजी चिरत होती. बापू पाणी प्यायला आले, तर ती सुरीकडे बघत पुटपुटत होती, “हो साहेब, परत येणार. माझं घर इथेच आहे.”

बापू दारातच थांबले. “ताई, तुझं काही चुकलं नव्हतं,” ते म्हणाले. “पत्रात मीच भलता शब्द घातला होता.”

तिने सुरी खाली ठेवली. “कधी कळलं तुला?”

“त्याच दिवशी. तिथेच.”

“चूक कुणाचीही होते रे,” ती म्हणाली. “पण तेव्हाच सांगितलं असतंस, तर दुसऱ्या दिवशी उभी राहिले असते मी. चार वर्षं स्वतःला मुकी समजत बसले.”

आवाज चढला नाही. दुपारी तिने रोजच्यासारखं त्यांना वाढलं.

पुढच्या महिन्यात ताईने नवा अर्ज आणला. त्यासोबतचं पत्र लिहिलं जाताना बापूंना दिसलं ते सज्ज्यातून. खाली शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पायरीवर ताई बसली होती. ती एकेक वाक्य सावकाश सांगत होती आणि दहावीपर्यंत शिकलेली ती बाई तिला येईल तशा इंग्रजीत लिहीत होती. एका शब्दाशी दोघी अडल्या. ताईने मान वर केली. बापू नकळत कठड्यावरून पुढे वाकले.

तिने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं, मग बाईकडे वळून म्हणाली, “साधंच लिही. भेटायला जाते.”