पोचलेले मास्तर

काशीराम मास्तर जीवन्मुक्त झाले अशी आवई शिष्यांमध्ये उठली, तेव्हा त्यांची बायको गोदू बेलपाड्याच्या घरी मोरीत त्यांची ओली चादर धूत होती.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तर पनवेलच्या एका हॉलात दर रविवारी अद्वैत शिकवायचे. आपलं-परकं काही नसतं, नाव म्हणजे नुसती उपाधी, हे त्यांचं पालुपद. घरातही तेच. एकुलता एक मुलगा हायवेवर अपघातात गेला, तेव्हा म्हणाले, "आला होता कोण, म्हणून गेला?" आणि पानावर जाऊन बसले. गोदू एकटीच रडली. तो राग अजून तिच्या पोटात होता.

आता मास्तर स्वतःचं नावसुद्धा विसरले होते. मेंदू सुकत चाललाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण शिष्यांना पटेल तर शपथ! नीलेश आणि हेतल फळं घेऊन आले, तर मास्तरांनी विचारलं, "तुम्ही कोण?" झालं. नीलेशचे डोळे भरून आले.

"काकू, सर डायरेक्ट मूळ प्रश्नच विचारतायत! त्यांना भेदच उरला नाही."

"नाय उरला," गोदू म्हणाली. "काल साबण खात व्हते."

"अवधूत असेच असतात, काकू," हेतल म्हणाली, आणि दोघं मास्तरांच्या पायावर डोकं ठेवून निघून गेले.

गोदूला कसलं आलंय ब्रह्म? मास्तरांनी एकदा तिला ओळखावं, नावाने हाक मारावी, एवढंच तिचं मागणं होतं. रोज भात भरवताना ती विचारायची, "मी कोन?" ते हसून म्हणायचे, "बाई."

त्या दुपारी मास्तर खाटेवर उठून बसले आणि ढसाढसा रडू लागले.

"गोदू कुठं हाय?" शाळेची भाषा कधीच गळून पडली होती.

तिचा जीव सुपाएवढा झाला. "आवो, मीच गोदू! ही काय, हितंच हाय."

त्यांनी तिला निरखून पाहिलं आणि मागे सरकले. "तुमी नाय. माजी गोदू. आमचा पोरगा गेला, बाई. तिला कोन सांगल?"

गोदू खाटेच्या कडेला टेकली. मग ती हळूच म्हणाली, "तिला ठावं हाय."

"रडली?"

"लय रडली. एकटीच."

"एकटीच?" मास्तर खाटेवरून उतरले. "मंग मला गेला पायजे तिच्याकडं." ते चपला शोधू लागले, आणि गोदूने धावत जाऊन दाराला कडी घातली.