सायबिणीचा मुक्काम

आमच्या शेजारच्या लिंडाबाय यांनी बत्तीस वर्षं मालवणच्या शाळेत गणित शिकवलं. त्यांना घाबरणाऱ्यांची यादी मोठी आहे आणि तिच्यात माझं नाव बरंच वर आहे. त्यामुळे त्या स्वतः कशाला घाबरतील, हे आमच्या वाडीत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग त्यांच्या मानेत गाठ निघाली. ऑपरेशन शुक्रवारी, गोव्यातल्या हॉस्पिटलात. डॉक्टर भला माणूस. त्याने सगळं समजावून सांगितलं. गाठीला लागूनच आवाजाची शीर असते, आवाज बसू शकतो, क्वचित कायमचा. वाडीतली लदीन, म्हणजे मरियेच्या मूर्तीपुढे गायची प्रार्थना, वीस वर्षं लिंडाबायच सुरू करतात. पंधरा दिवस त्यांना झोप नव्हती.

मला प्रार्थनेतलं कळत नाही, पण माझ्याकडे रक्तदाब मोजायचं मशीन आहे. ते घेऊन मी रोज सकाळी कुंपण ओलांडायचो. बुधवारी आकडा निघाला एकशे बहात्तर.

"माजो की तुजो?" त्यांनी विचारलं.

"तुमचा. माझा मी घरी बघून आलो. तोही काही सांगण्यासारखा नाही."

बुधवारी संध्याकाळी सायबीण त्यांच्या घरी आली. सायबीण म्हणजे मरियेची हातभर उंचीची मूर्ती. वर्षातून एकदा ती वाडीतल्या प्रत्येक ख्रिस्ती घरी एकेक दिवस राहायला जाते. रोज संध्याकाळी तिला पुढच्या घरी न्यायचं, लदीन म्हणायची, उकडलेले चणे वाटायचे. क्रम वाडीतला क्लाइव्ह लावतो, आणि यादी एकदा व्हॉट्सॲपवर पडली की ती बिशपलाही बदलता येत नाही असं तो मानतो.

गुरुवारी सकाळी मी गेलो तर लिंडाबाय चक्क झोपलेल्या. नऊ वाजता उठल्या. आकडा एकशे तीस. मी मशीनचे सेल बदलून पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठावीस.

"रातभर तिच्या समोर बसान सगळां सांगलंय," त्या म्हणाल्या. "आवाज गेलो तर काय, ऱ्हवलो तर काय. तिणां मधी एकदाव तोंड घातल्यान नाय. आयकणारा कोण असां मेळता?"

मी आकडा वहीत लिहून घेतला. दुसरं काय करणार?

दुपारी त्यांनी मला हाक मारली. आवाजातला शिक्षिकेचा दरारा पार उतरला होता. "गुरू, क्लाइव्हाक इचार रे. सायबीण आणिक एक दिस माज्याकडे ऱ्हवात काय? सकाळी मी गेलंय काय मगे न्हेवंदेत."

मागणं म्हणून त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच काही ऐकत होतो. क्लाइव्हने जराही कुरकुर न करता यादी बदलायची तयारी दाखवली. मात्र पुढचं घर रोझारियोचं होतं. त्याला विचारणं भाग होतं.

रोझारियो ऐंशीचा. दम्याने वाकलेला, पण लदीनला व्हायोलिन तोच वाजवतो. लिंडाबाय सूर फार वर धरतात ही त्याची वीस वर्षांची तक्रार. मी सांगितलं ते त्याने ऐकलं, खोकला, मग म्हणाला, "ऱ्हवांदे तिच्याकडे. माका काय घाई नाय. मी खंय पळान जातंय?"

हा निरोप घेऊन मी परतलो. लिंडाबायंनी डोळे मिटले. मग अचानक उघडले.

"त्येनी चणे भिजत घातल्यान?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. पण गणिताच्या बाईंसमोर मला ते कधीच जमलेलं नाही. "घातलेत. पाच किलो. ओसरीवर टोप बघितला मी."

"आणि तरी ऱ्हवांदे म्हणालो?"

"म्हणाला."

त्या उठल्या. केस विंचरून चांगली साडी नेसल्या, आणि संध्याकाळी सायबिणीला स्वतः उचलून रोझारियोकडे निघाल्या. मी छत्री धरून मागे. वाटेत मी म्हटलं, "लिंडाबाय, एक रात्र ठेवली असती तर कोण काय म्हणणार होतं?"

"माजां घर बघलां मा तिणां? खंय निजतंय, खंय रडतंय, सगळां बघून गेली. आता वाट चुकाची नाय." थोडं चालून त्या पुढे म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याकडे कोण आसा रे?"

त्या रात्री त्यांनी सूर इतका वर धरला की रोझारियोने व्हायोलिन खाली ठेवलं.

शुक्रवारी पहाटे गाडी दाराशी उभी. मी मशीन घेऊन गेलो. खरं सांगायचं तर आज आकडा चढलेलाच असणार, अशी माझी खात्री होती. एकशे तीस. लिंडाबायंनी तो बघितलाही नाही. "तुजो बघ," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. माझा एकशे अठ्ठावन्न होता.

संध्याकाळी सायबीण क्लाइव्हच्या घरी आली. लिंडाबायंची भाची सँड्रीना हॉस्पिटलात होती. तिचा फोन आला. गाठ काढली, पण आवाजाचं त्या बोलतील तेव्हाच कळणार होतं. लदीन कोण सुरू करणार, हा प्रश्न होता. रोझारियोने व्हायोलिन उचललं आणि सूर धरला. लिंडाबायंचाच. तितकाच वर. तिथे त्याचा गळा पोचत नव्हता, कुणाचाच नव्हता. सगळी वाडी बेसूर गायली. सूर खाली घे असं रोझारियोला कुणी म्हटलं नाही. मला शब्द येत नाहीत, तरी मीही तोंड उघडलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

रविवारी माझा फोन वाजला. पलीकडे आवाज खरखरीत, अर्धा श्वासच, पण ओळखीचा.

"गुरू," लिंडाबाय म्हणाल्या, "रोझारियोक सांग, सूर लय वयर धरलान म्हणान आयकलंय."