संध्याकाळचा दुसरा चहा

दिवाळी होऊन गेली आणि एका सकाळी हरिश्चंद्रशेट आपल्याच वाडीत चिकूच्या झाडाखाली पडले. वापीच्या दवाखान्यात नेलं, पंधरवडाभर ठेवलं. घरी आणलं तेव्हा उजवा हात मांडीवर ओल्या फडक्यासारखा पडून होता आणि मराठी गेली होती. बोलणं गेलं नव्हतं. बोलत होते, चांगली वाक्यंच्या वाक्यं बोलत होते, पण वारलीत.

डॉक्टरांना त्याचं फारसं नवल वाटलं नाही. म्हणाले, असं कधी कधी होतं, पहिली लागलेली भाषा राहते आणि नंतरची जाते. आठवणीचंही आत्ताच काही सांगता येणार नाही, असंही म्हणाले, पण ते बकुळाने अर्धवटच ऐकलं. हरिश्चंद्रशेटांना जन्म देऊन त्यांची आई वर्षभरात गेली होती. वाडीवर कामाला तलासरीकडची एक बाई होती, तिने त्यांना आपल्या पोरांत वाढवलं. सहा-सात वर्षांचे होईतो ते तिच्याच झोपडीत जेवायचे, तिथेच निजायचे. मग शाळा आली, मराठी आली, शेटपण आलं. बकुळा लग्न होऊन केळव्याहून मसोलीला आली तेव्हा ती झोपडीही उरली नव्हती आणि ती बाईही. नवऱ्याला वारली येते हे बकुळाला ठाऊक होतं, जसं एखाद्याला पोहता येतं हे ठाऊक असतं. मजुरांशी ते बोलायचे आणि ती त्या वेळी भाजी निवडत असायची.

चाळीसच्या वर वर्षं ती वारली माणसांत राहिली आणि वारलीचं एक धड वाक्य तिला येत नव्हतं. याची लाज वाटावी असं तिला कधी कोणी सांगितलंही नाही. बागायतदाराच्या घरात भाषा मजुराने शिकायची असते. मालकाला चार हुकूम पुरतात, आणि हुकूम कुठल्याही भाषेत कळतात.

आता मात्र नवरा-बायकोच्या मधे तिसरी लागू लागली. ती जमना. आधी चिकूच्या शेडमध्ये काम करायची, आता हरिश्चंद्रशेटांना अंघोळ घालणं, भरवणं, बसवणं सगळं तिच्याकडे आलं. ते काही बोलले की बकुळा जमनाकडे बघायची आणि जमना सांगायची, पाणी पाहिजे, उशी वर करा, पंखा नको.

बकुळाला रडू आलं नाही. जेवणाला चव लागेना, झालं. एकदा दुधाचं पातेलं तिने तसंच उघड्या हातांनी उतरवलं आणि बोटांना फोड आले तेव्हा कळलं. भेटायला येणारे म्हणायचे, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर झाली होती. लोकांना दोन्ही सारखंच दिसतं.

रोज उन्हं कलली की हरिश्चंद्रशेट ओट्यावरच्या खाटेवर बसायचे. समोरच्या खुर्चीत बकुळा. ते तिच्याकडे बघायचे, मग जमनाकडे वळून लांबलचक काहीतरी बोलायचे. रोज तेच, त्याच चालीत.

"काय म्हणतात?" बकुळा विचारायची.

"चहा मागतात, बाय."

"आत्ताच तर झाला."

"परत मागतात."

बकुळा उठून दुसरा चहा करून आणायची. ते कप घ्यायचे, पण पीत नसत. डाव्या हाताने बशी सरकवत सरकवत खाटेच्या पार कडेला आणून ठेवायचे. धरता येत नाही बिचाऱ्यांना, असं समजून ती कप पुन्हा त्यांच्या जवळ ठेवायची, ते पुन्हा सरकवायचे. आणखी एक नवीन सवय लागली होती त्यांना. ती ओट्यावर आली की गुडघ्यावर गेलेली लुंगी घाईघाईने खाली ओढायचे. थंडी वाजत असेल म्हणून ती पायांवर चादर घालायची. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, चादर काही सुटली नाही.

मुलगा दीपेश ठाण्याला. त्याची बायको निधी कंपनीच्या कामासाठी मोबाईलवर जर्मन शिकत होती. रोज पोळ्या लाटता लाटता पाच मिनिटं, आणि बरोबर आलं की मोबाईल तिला शाबासकी द्यायचा. दीपेशला ते फार पटलेलं होतं.

"आई, तूपण शिक ना. रोज दहा शब्द. जमनाकडून विचारून घे आणि पाठ कर."

तिने तेही केलं. पाण्याला काय म्हणतात, भुकेला काय म्हणतात, जमनाला विचारायची आणि देव्हाऱ्यासमोर स्तोत्र घोकावं तसं घोकायची. सकाळी उठेपर्यंत सगळं साफ. एक वाक्य मोठ्या कष्टाने तोंडात बसवून ती नवऱ्यासमोर बोलली. ते तिच्या ओठांकडे बघत राहिले आणि हसले. चारचौघांत दुसऱ्याचं मूल गाणं म्हणून दाखवतं तेव्हा आपण हसतो, तसं. तिने त्या दिवसापासून घोकणं सोडलं. या वयात जीभ वळत नाही, असं दीपेशला सांगून टाकलं.

दुपारी ते झोपले की घरात बसवेना, म्हणून ती मागे शेडमध्ये जाऊन बसू लागली. तिथे बायका तोडून आणलेले चिकू टबात धुवायच्या, गोणपाटावर चोळून सालीवरची भुकटी काढायच्या, लहान-मोठे वेगळे करायच्या. पहिल्या दिवशी ती दारात दिसताच सगळ्यांची तोंडं मिटली. मग संगीता नावाची जरा धीट बाई मराठीत म्हणाली, "बसा बाय. काय पाहिजे?"

"काही नाही."

ती एका पालथ्या क्रेटवर बसली आणि समोरचा ढीग चाळवू लागली. त्या आपसात हळू आवाजात बोलायच्या, ती मान वर करायची, त्या गप्प व्हायच्या. "काय म्हणालात?" असं तिने एकदा विचारलं तर सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "काय नाय." मग तिने विचारणंही सोडलं, मान वर करणंही सोडलं. तिला खरोखरच काही नको होतं. शिकायचं नव्हतं, बोलायचं नव्हतं, कोणावर लक्षही ठेवायचं नव्हतं. हातात चिकू असला की दुपार सरायची, एवढंच.

आणि एवढ्यानेच काम झालं, असं म्हणायचं. ज्या बाईला काही नको असतं तिची माणसांना सवय होते. दहा-बारा दिवसांत त्या बायका तिला विसरल्या, कोपऱ्यातल्या वजनकाट्याला विसरावं तशा. मोकळ्या आवाजात बोलू लागल्या, भांडू लागल्या, पाहुण्यारावळ्यांचे उद्धार करू लागल्या. बकुळाच्या कानावरून ते सगळं जात राहिलं. आधी नुसती चाल ऐकू यायची, वाक्य कुठे संपतं आणि टोमणा कुठे बसतो एवढीच. मग एखादी बाई ढिगाकडे हात करून काही म्हणायची आणि बकुळाचा हात आपसूक बारका चिकू उचलून बाजूला टाकायचा. हात पुढे गेला आणि डोक्याला नंतर कळलं, असं होऊ लागलं. तिचं लक्षच नव्हतं. तोंड तर तिने उघडलंच नाही.

मार्चच्या शेवटी एक दिवस संगीता पांड्याची गंमत सांगत होती. झाडावर चढणारा पांड्या, त्याचा मोबाईल खिशातून सटकून चिकूंबरोबर धुवायच्या टबात गेला होता, आणि तो दुसऱ्याच्या फोनवरून रिंग मारत टबाला कान लावून बसला होता. बायका खिदळल्या. बकुळाच्या लक्षात आलं की आपल्याही गालाला सुरकुती पडली आहे. संगीता मराठीत बोलत नव्हती. कोणाला पत्ता लागायच्या आत तिने चेहरा होता तसा करून घेतला आणि चिकू चोळू लागली. आनंद वगैरे काही झाला नाही.

एप्रिलमध्ये जमनाच्या भाचीचं लग्न निघालं, तलासरीला. जमना आठवड्याची रजा मागायला आली तेव्हा दारात घुटमळली.

"सकाळी पांड्या उठवील शेटना. पण संध्याकाळी तुम्ही एकट्या..."

"बघेन मी."

"ते बोलतील काय काय. मनावर घेऊ नका, बाय. चहाच मागतात."

"माहीत आहे मला. जा तू, लग्न चांगलं कर."

जमना गेली त्या संध्याकाळी बकुळाने आधीच दुसरा चहा करून ठेवला. मागायच्या आत नेऊन द्यावा, म्हणजे बोलणं नको. ती कप घेऊन ओट्यावर आली. हरिश्चंद्रशेटांनी लुंगी खाली ओढली, तिच्याकडे बघितलं, आणि जमना दिसेना म्हणून घराच्या दाराकडे तोंड करून, आत कोणी असेल त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते रोजचं बोलू लागले. मराठीत सांगायचं तर ते असं होतं: "ही बाय सकाळपासून बसली आहे. कोणाच्या घरची आहे, कळत नाही. तिला चहा द्या, आणि उजेड आहे तोवर घरी लावून द्या. तिची माणसं वाट बघत असतील."

बकुळा कप धरून उभी राहिली. एक शब्द सुटला नव्हता. आपल्याला कळलं, हेच तिला कळायला वेळ लागला.

मग बाकीचं एकामागून एक कळलं. परकी बाई समोर आली की भला माणूस गुडघे झाकतो. चहा त्यांना नको होता, कधीच नको होता. तो ते पाहुणीपुढे सरकवत होते, आणि पाहुणी रोज उठून तो त्यांच्यापुढे ठेवत होती. आणि जमना एवढे महिने अर्धं सांगत होती, अर्धं गिळत होती. तिचा राग येईना. तिच्या जागी असती तर बकुळानेही तेच केलं असतं.

हरिश्चंद्रशेट वाईट नवरा नव्हते. कधी हात उगारला नाही, दागिन्याला नाही म्हटलं नाही. पण तू चहा घेतलास का, असं त्यांनी तिला इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मराठीत त्यांना ते कधी सुचलं नसावं.

ती खुर्चीत बसली. कप तोंडाला लावला आणि जीभ चरकन भाजली. भाजली ती लगेच कळली. डोळ्यांत पाणी आलं, आणि थांबेना. त्यांनी ते बघितलं, पण परक्या बाईला रडण्याचं कारण कसं विचारायचं, म्हणून वाडीकडे बघत राहिले. ती बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. कप खाली ठेवल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

"घरी कोण आहे?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदा थेट तिला.

घोकलेलं काही तिला आठवलं नाही. जे तोंडात आलं ते शेडमधलं होतं, संगीताच्या चालीतलं, आणि वारलीतलं होतं.

"नवरा आहे," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. त्यांना तिचं बोलणं कळलं होतं.

"मग जा आता. भुकेला असेल."

"जाते," ती म्हणाली.

ती पायऱ्या उतरली. त्यांनी डावा हात उचलून निरोप दिला. ती फाटकापर्यंत गेली, कुंपणाला धरून वळली, शेडच्या मागून घराला वळसा घातला. मागच्या दाराने आत आली, हात धुतले आणि नवरा भुकेला असेल म्हणून भात टाकला.