बाबांच्या शिकारीसाठी गाडी

जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही रीत माझ्या सासऱ्यांनी अमरावतीहून जर्मनीला येताना सामानात बांधून आणली असावी. इतक्या वर्षांनंतरही ती त्यांच्यापाशी कोरी आहे. मी मुळात अबोल. माझ्यापाशी शब्द थोडे, आणि जे आहेत ते या घरात इतक्या मानाने झेलले जातात की बोलण्याचेच दडपण येते. म्हणून सासऱ्यांनी, देवानंदबाबांनी, रेगेन्सबर्गच्या घरी जेवणाच्या टेबलावर तीन गाड्यांची माहितीपत्रके पसरली आणि "बापू, तुम्ही म्हणाल ती" असे म्हटले, तेव्हा मी हातातला घास परत ताटात ठेवला.

त्यांची जुनी जीप गंजून तपासणीत नापास झाली होती, आणि शिकारीचा हंगाम तर ऐन भरात होता. बवेरियाच्या जंगलाच्या कडेला त्यांचे भागीदारीतले शिकारीचे रान आहे. शनिवारी सगळ्या घराने तिथे जायचे, हा इथला नेम. बाबा एका मचाणावर, माझी बायको उत्कर्षा दुसऱ्या मचाणावर, आणि सासूबाई गाडीत, मांडीवर भाकरीचा डबा घेऊन, काचेवरचे धुके पुशीत. लग्नानंतर या नेमात सारथी म्हणून माझी भर पडली. मी बंदूक धरत नाही. पंचशीलाचे कारण मी एकदा चाचरत सांगितले होते. त्यावर बाबा मिश्कीलपणे म्हणाले, "आणि रविवारचं मटण काय झाडाला लागतं, बापू?" मी गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

पण बाबांची शिकार ही हौस नव्हे, हे मला ठाऊक आहे. त्यांचे आजोबा पाटलाच्या शिकारीत हाका घालायला जात. काट्याकुट्यांतून ओरडत जनावर उठवायचे त्यांनी, आणि बंदूक दुसऱ्याच्या हाती. बाबा कारखान्यात नोकरीला लागले, जर्मन शिकले, आणि शिकारीच्या परवान्याची, त्या याग्डशाइनची अवघड परीक्षा पहिल्याच खेपेला उत्तीर्ण झाले. इथल्या शिकारी मंडळींनी त्यांना आरंभी हाकाऱ्यांच्या रांगेत उभे राहायला सांगितले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले होते, "आमच्या घरातून ते काम करून झालं आहे." हिरवा, जाड लोकरीचा लोडन कोट चढवून मचाणावर बसलेल्या त्या माणसाकडे पाहिले की मला नेहमी वाटे, याच्या खांद्याला खांदा लावून आणखी कुणीतरी बसले आहे.

जेवण झाल्यावर मी ताटे घेऊन स्वयंपाकघरात गेलो. अंजनाबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, नळ सोडला आणि त्या पाण्याच्या आवाजाआडून म्हणाल्या, "बापू, एक मागू का? अशी गाडी सांगा, की ते आपणहून नको म्हणतील."

मी ताटे ओट्यावर ठेवली.

"हात थरथरतात त्यांचे. मागच्या हंगामात मचाणाच्या शिडीवरून घसरले. कुणाला बोलले नाहीत, मी कोट धुताना चिखल पाहिला. मी नको म्हटलं तर हट्टाला पेटतील. आणि खरं सांगू? मलाही आता तिथे बसवत नाही. दमले मी."

भांडी पुसणारी उत्कर्षा जर्मनमध्येच म्हणाली, "आल्झो, मग सरळ सांग ना बाबांना."

"तू सांग की मग!"

"नाइन, मी नाही," उत्कर्षा म्हणाली, आणि तोच पेला पुन्हा पुसू लागली.

ती आठवडाभर ऑफिसातून थकून येते, मी थकून येतो, सासूबाई बसून थकल्या आहेत, बाबा न थकल्याचे दाखवून. सगळे घर एकमेकांना जपून दमले होते. आणि ते ओझे अखेर माझ्या पदरात पडले, कारण बाबा माझा शब्द मोडत नाहीत.

मी गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतो. तिन्हींतली योग्य गाडी कोणती हे मला एका नजरेत कळले होते. मधली. ती उभी असताना हवेवर खाली बसते, दाराचा उंबरा गुडघ्याच्याही खाली येतो, आणि रानातल्या वाटेवर पुन्हा उंच होते. त्या वयाच्या माणसासाठी तीच. मी बाहेर आलो आणि तिसरीवर, उंच, आडदांड पिकअपवर बोट ठेवले.

"ही, बाबा. फक्त... जरा उंच आहे."

ते नको म्हणतील, या आशेवर मी बोट तसेच ठेवले.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" बाबांनी टेबलावर थाप मारली. "उंच म्हणजे खाली दगड लागायला नको. ठरलं. बापूंनी निवडली, विषय संपला."

किती साधी गोष्ट विसरलो होतो मी! ज्याला जावयाचा शब्द मोडता येत नाही, त्याला नको म्हणायला लावण्याचा बेत मी जावयाच्याच तोंडून रचला होता.

पुढच्या शनिवारी आम्ही विक्रेत्याच्या आवारात उभे होतो. आभाळ राखाडी होते, आणि त्या राखाडी उजेडात पिकअप एखाद्या बंद घरासारखी दिसत होती. बाबांनी लोडन कोट घातला होता. त्यांनी दाराशेजारची मूठ धरली, पाय उचलला; तो उंबऱ्याला लागून परत आला.

"गुडघा आज आखडलाय," ते म्हणाले.

"अहो, मग सोबत क्रेनही घ्या एक," सासूबाई म्हणाल्या. "दर शनिवारी उचलून ठेवील."

"तू गप्प बस. जावयासमोर काय बोलतेस!"

तरुण विक्रेत्याने अदबीने सांगितले की पायरी बसवून मिळते. बाबांनी ऐकलेच नाही. पुन्हा मूठ धरली, सगळा जोर लावला आणि अर्धे वर गेले. एक पाय उंबऱ्यावर, एक हवेत, मुठीवरची बोटे थरथरत होती. वर जाता येईना, खाली येता येईना. मी धावत जाऊन त्यांना कमरेशी धरले आणि खाली उतरवले. इतका जाड कोट, आणि आत किती कमी माणूस होता!

"छान आहे गाडी," ते धापा टाकीत म्हणाले. "बापूंची निवड आहे. घेऊ."

माझ्याने राहवले नाही. "बाबा, मधली घ्या. ती खाली बसते. तुमच्यासाठी तीच बरोबर आहे."

"मग ही का सांगितलीत?"

 माझी नजर, माझ्या नकळत, सासूबाईंकडे गेली. बाबांची नजर माझ्या नजरेमागून गेली, आणि तिथे बराच वेळ थांबली. सासूबाईंनी मान खाली घातली नाही.

"कधीपासून?" बाबांनी विचारले.

"काय कधीपासून?"

"दमलीस."

"जीप नवी होती तेव्हापासून," त्या म्हणाल्या.

 शेजारच्या हमरस्त्यावरून ट्रक जात राहिले. मग बाबांनी कोटाची वरची गुंडी लावली, विक्रेत्याकडे वळले आणि अगदी स्वच्छ, सावकाश जर्मनमध्ये म्हणाले, "माझ्या जावयाची निवड अचूक आहे. गाडीत काहीही खोट नाही. माणूस जुना झाला आहे. आम्ही कुठलीच घेणार नाही."

विक्रेता काहीतरी सांत्वनाचे बोलला. त्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केले.

"सोमवारी भागीदारांना फोन करतो," ते सासूबाईंना म्हणाले. "माझा वाटा सोडतो म्हणून."

सासूबाईंना हवे होते तेच घडले होते. पण त्यांचा चेहरा काही मिळालेल्या माणसाचा नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या, आणि तशाच आमच्या गाडीत जाऊन बसल्या.

मी बाबांसाठी थांबलो. ते पिकअपपाशी परत गेले होते. त्यांच्या बुटाचा चिखल नव्या उंबऱ्यावर उमटला होता. खिशातून रुमाल काढून, जरासे वाकून, एका हाताने दार धरून, ते तो पुसत होते. कोपऱ्यातला चिखल निघेपर्यंत, घाई न करता.