कुंकवाचा ठिपका

मी नावेचं एक जुनं इंजिन आहे, मित्रांनो, आणि खरं सांगतो, मी भित्रा आहे. एवढं दणकट लोखंड आणि भित्रं, म्हणून हसू नका. आधी माझी गोष्ट ऐका.

मला शर्यतीच्या नावेसाठी घडवलं. हैदराबादच्या तलावात मी सुटलो की लोक टाळ्या वाजवत. मग माझ्याहून तरणी इंजिनं आली आणि मला लिलावात काढलं. ऐंशीनंतरच्या एका साली बासरच्या नागोरावांनी मला घेतलं आणि गोदावरीवर माणसं ने-आण करणाऱ्या आपल्या नावेला जोडलं.

"याले मोकळं सोडलं तं नाव घिऊन उडंन हे," ते म्हणाले, आणि त्यांनी माझा वेग वाढवणाऱ्या रेसच्या तारेपुढे एक स्क्रू बसवला. त्यापुढे तार ओढता येत नसे. त्याला ते लगाम म्हणत. दुसरी काळजी ठिणगीची. ती नेमक्या क्षणी पडावी लागते. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या माझ्या दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, डोक्यावर घाव बसतो. तो क्षण जुळवायला माझ्या चाकावर एक बारीक खाच आहे. ती सहज दिसत नाही, म्हणून नागोराव पानाच्या डबीतला चुना तिच्यावर बोटानं लावत.

बरीच वर्षं सुखात गेली. नागोरावांच्या पत्नी पंचफुलाबाई मला 'आमचा घोडा' म्हणत आणि जाता-येता पदरानं पुसत.

नव्वदनंतरची एक खंडेनवमी. नागोरावांनी ठिणगी पाडणारे माझे पॉइंट बदलले आणि वेळ सकाळी जुळवू म्हणून चाक उघडंच ठेवलं. पंचफुलाबाई पूजेला आल्या. त्यांनी चाक लख्ख पुसलं, चुन्याचा डाग दिसला तोही पुसला, आणि जरा बाजूला बरीशी जागा बघून कुंकवाचा ठिपका लावला.

दसऱ्याच्या सकाळी नागोरावांना घाई होती. सरस्वतीपुढे पहिलं अक्षर गिरवायला आलेली मुलं पैलतीरावर खोळंबली होती. कुंकू आपल्याच खुणेवर लावलंय असं समजून त्यांनी ठिपक्याशी ठिणगी जुळवली. खाच चाचपून पाहिली नाही. मला सुरू करायला दोर ओढला तसा मी त्यांचा हात उलटा हिसडला. "नवे पॉइंट हायेत, बसतीन," ते म्हणाले.

येताना नाव मुलांनी भरली होती. बायामुलांना सांभाळायला पंचफुलाबाई सोबत होत्या. नदी दुथडी भरलेली. नोकरदार अनंतराव आपल्या चिमुकल्या चारुलताला मांडीवर घेऊन बसले होते.

"नागोराव, असं रमतगमत काय चाललंय? मुहूर्त टळेल. रेस वाढवा की!"

"लगाम हाये, साहेब."

"मग काढा तो!"

बाकीच्यांनीही री ओढली. नागोरावांनी स्क्रू सोडला आणि तार ताणली.

मित्रांनो, तेव्हा मला धडकी भरली. ठिणगी फार लवकर पडत होती आणि दर फेऱ्याला डोक्यावर घणाचा घाव बसत होता. दट्ट्या फुटला तर मी बंद पडणार, आणि धार नावेला खालच्या पुलाच्या दगडी खांबांवर नेऊन आपटणार. त्या लेकरांना पोहता येत नव्हतं. तार ताणलेली असताना मला थांबताही येईना. मी नुसता ठोकत राहिलो.

"अवो, हे काऊन असं ठोकून राह्यलं?" पंचफुलाबाई ओरडल्या.

नागोरावांचा चेहरा पडला. "तू कुंकू चुन्यावरच लावलं नं?"

"चुना? तो तं म्या पुसला. मले वाटलं डाग हाये."

नागोरावांनी तार झटकन सैल केली.

"अहो, मुहूर्त!" अनंतराव म्हणाले.

"साहेब, मुहूर्त पाह्यता का लेकरं?"

अनंतरावांनी चारुलताला घट्ट धरलं. वेग कमी होताच धार आम्हाला ओढू लागली. नागोरावांनी नाव तिरकी धरली. खांबावरचं शेवाळ दिसू लागलं. मी दुखऱ्या डोक्यानं हळूहळू रेटत होतो, आणि आता सगळं संपलं असंच मला वाटत होतं. खांब अगदी जवळून मागे गेला. खूप खाली, एका ज्वारीच्या शेताला नाव टेकली. मुहूर्त टळला होता. दुपारी चारुलतानं अक्षर गिरवलं, ते काही वाकडं आलं नाही.

नाव टेकली तशा काठावर पंचफुलाबाई रडू लागल्या, तेव्हा नागोराव म्हणाले, "चूक माही हाये. खाच म्या पाह्यली नाई." त्यांनी लगाम घट्ट केला, ठिणगी नीट जुळवली. मी पुन्हा सुरळीत चालू लागलो.

पण पंचफुलाबाईंनी त्यानंतर मला हात लावला नाही. त्या पूजेला येतात, लांबूनच हात जोडतात आणि निघून जातात. माझ्यावर धूळ साचली आहे.

मित्रांनो, यंत्र हिसका देऊ लागलं, ठोकू लागलं, तर कितीही घाई असो, आधी थांबा आणि त्याचं ऐका. आणि बासरला गेलात तर पंचफुलाबाईंना माझा एक निरोप सांगा. खाच कुठं आहे ते नागोरावांना विचारून घ्या म्हणावं, पण मला पुसायला या.