उकंडाबाबांची जागल

"गोळी बंद? असं नका करू, मॅडम!" अश्वजित खुर्चीवरून अर्धा उठलाच. "बुढा रातभर झोपत नाई. अंगणात उभा राहून हाऽऽ हुर्र करते. सारी गल्ली उठून बसते."

शेजारच्या स्टुलावर त्याचे वडील, उकंडाबाबा, कपाळावरची पट्टी सांभाळत गुमान बसले होते. सकाळी गोळीच्या गुंगीत ते न्हाणीत पडले होते.

डॉ. सुरभीला स्वतःचाच राग आला. आठ महिने तीच ही झोपेची गोळी लिहून देत होती. फुलसावंगीच्या बाजाराच्या दिवशी बाहेर साठ माणसं ताटकळत असताना गोळी लिहायला अर्धं मिनिट पुरे, नाही म्हणायला वीस. शिवाय गोळी मिळाली की माणूस खुशीत उठे, आशीर्वाद देऊन जाई. आशीर्वाद कोणाला नको असतात? पण पुढच्या खेपेला म्हाताऱ्याचं कमरेचं हाड मोडलं, तर ते आशीर्वाद ती कोणत्या तोंडाने घेणार होती?

तिने पेन खाली ठेवलं. "बाबा, रात्री अंगणात हाकलता कोणाला?"

"डुकराइले."

"गल्लीत कुठली आली रानडुकरं?"

"गल्लीत नाई जी, वावरात! चाळीस साल जागल केली म्या. माळ्यावर बसून चार जणांची वावरं राखली. एकाचीबी तूर डुकरानं खाल्ली नाई. आता यानं तारेले झटका मशीन लावली, अन् मले म्हणते, बाबा, घरी झोपा."

"मंग काय चुकलं माह्यं?" अश्वजित म्हणाला. "आराम करा म्हटलं."

"आणि दिवसा झोपतात का?"

"दिवसा? ढोल वाजवा, उठत नाई."

सुरभीला हसूच फुटलं. मग अश्वजितलाही. आठ महिने दोघांनी मिळून ज्या झोपेवर इलाज चालवला होता, ती रोज दुपारी बिनबोभाट येत होती! उकंडाबाबा मात्र हसले नाहीत.

"मले कामावर घेतं का परत?" त्यांनी विचारलं. डॉक्टरला नव्हे, मुलाला.

अश्वजितने सुरभीकडे पाहिलं.

"गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू कमी करू," सुरभी म्हणाली. "ती पुरती सुटेपर्यंत माळ्यावर चढायचं नाही. मग जाऊ दे त्यांना. चूक माझी आहे. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

"मशीनवर ध्यान ठेवाले माणूस त लागतेच," अश्वजित वडिलांकडे न बघता म्हणाला. म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की सुरभीला फार बरं वाटलं.

दोन महिन्यांत गोळी सुटली. हरभरा घाट्यांवर आला होता तेव्हाची गोष्ट. उकंडाबाबा एका सकाळी वावरातून परस्पर दवाखान्यात आले आणि नंबर लावून बाकावर बसले. पोरं रडत होती, मदतनीस पुष्पा खणखणीत आवाजात नावं पुकारत होती. बाबांचं नाव तिने तीनदा पुकारलं, तेव्हा सुरभीने दारातून डोकावून पाहिलं. भिंतीला डोकं टेकून, पायांवर दवाचा चिखल घेऊन बाबा गाढ झोपले होते.

पुष्पा त्यांना हलवायला निघाली.

"उठवू नको," सुरभी म्हणाली. "रात्रपाळी करून आलेत."

शेजारची बाई सरकली, तिने त्यांना पाय पसरायला जागा करून दिली. पुष्पाने पुढचं नाव हळूच पुकारलं.